कोरडा पुठ्ठा

माझी गाडी अठरा वर्षांची आहे. तिच्या इंजिनातून तेल गळत होतं आणि त्याचा ठपका दोन वर्षं दुसऱ्या माणसावर राहिला. मी तो राहू दिला.

आम्ही बदलापूरला, खरवईत राहतो. बिल्डिंगच्या गेटातून आत येताना सिमेंटचा छोटा चढ आहे. चढ संपतो तिथे, भिंतीला लागून, तळमजल्यावर राहणारे एक रिक्षावाले आपली रिक्षा लावत. सकाळी अंबरनाथ एमआयडीसीच्या पाळीचे कामगार सोडायचे आणि दुपारी जेवायला घरी यायचं, तेवढ्यापुरती. त्या चढावर तेलाचे डाग दिसू लागले होते. एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन येताना तिथेच घसरल्या. उजवं मनगट मोडलं.

रविवारी मिटिंग झाली. मी एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे, त्यामुळे बिल्डिंगमध्ये मला ‘चेकिंगवाले’ म्हणतात. कुणीतरी विचारलं, “तुमची गाडी तर नाही ना? जुनी आहे म्हणून विचारतो.”

मी उठलो, पार्किंगमधून गाडीखालचा पुठ्ठा ओढून आणला आणि सगळ्यांसमोर धरला. फ्रिजच्या खोक्याचा होता, मी तो कायम गाडीखाली घालून ठेवत असे. कोरडा ठणठणीत.

“बघा,” मी म्हणालो. “आता दुसरं काय उभं असतं तिथे, तुम्हीच सांगा.”

रिक्षावाले उभे राहिले. “माजीच आसंल,” ते म्हणाले. “काकू, चुकी झाली.” काकू प्लास्टरातला हात दाखवत म्हणाल्या, “अरे, बरंच झालं. आता आमचे हे पोळ्या लाटायला शिकतील.” सगळे हसले. रिक्षा यापुढे गेटाबाहेर लावायची, असं ठरलं. मिटिंगनंतर रिक्षावाल्यांनी भुसा आणून टाकला, सोडा टाकला आणि तासभर तो चढ घासला. मी गॅलरीतून बघत होतो.

तेव्हा मला खरंच वाटत होतं की तेल माझ्या गाडीचं नाही. पण त्याचा मला फार आधार घ्यायचा नाही. डिपस्टिकवरचं, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरचं, तेल पंधरवड्याला उतरतंय हे मला माहीत होतं. जुनी गाडी तेल खाते, असं मी घरी सांगत असे.

आठवड्याने मी गाडी उल्हासनगरला नेली. विठ्ठलवाडीच्या बाजूला एका सिंधी म्हाताऱ्याचं गॅरेज आहे, माझी गाडी पहिल्यापासून तेच बघतात. त्यांना म्हटलं, गाडी तेल खाते.

“खाती तो धुआँ देती,” ते म्हणाले. सायलेन्सरवर हात धरून त्यांनी इंजिन रेस करायला लावलं. “धुआँ किधर है? खाती नहीं, साईं. मुँह में भरके कहीं थूकती है.”

इंजिनखाली धूळचिखल अडवणारी एक प्लॅस्टिकची प्लेट असते. ती त्यांनी खोलली. परातीसारखी ती दोन्ही हातांनी सपाट धरून त्यांनी माझ्यासमोर आणली. आत काळं तेल होतं आणि त्यात बुडालेली आंब्याची दोन पानं.

मग डिझेलने इंजिन धुतलं, हवा मारून सुकवलं आणि वरून कॅरमची पावडर भुरभुरली. इंजिन पांढरं झालं. “अंबरनाथ तक जाके आओ,” ते म्हणाले. मी जाऊन आलो. बॉनेट उघडलं, तर इंजिनावरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, मागच्या कोपऱ्यातून एक काळी रेघ पावडरीतून खाली उतरत गेली होती. झाकणाखालचं रबरी पॅकिंग कडक होऊन तडकलं होतं. तेल तिथून निघून गिअरबॉक्सच्या अंगाने प्लेट असायची तिथे पोचत होतं.

“तेल के पैर होते हैं,” म्हातारे म्हणाले. “निकलता एक जगह, गिरता दूसरी जगह. प्लेट में जमा होता है. सीधे में नहीं गिरेगा, गाड़ी नाक ऊपर करेगी तब गिरेगा.” मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “घर पे चढ़ाई है क्या?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांना त्या उत्तराचं काही पडलं नव्हतं. ते पॅकिंग शोधायला आत गेले. तिथे खरं सांगून माझं काहीच बिघडणार नव्हतं, तरी मी नाही म्हणालो.

पॅकिंग बदलल्यावर चढावरचे डाग थांबले. रिक्षाही तेव्हाच गेटाबाहेर गेली होती, त्यामुळे बिल्डिंगला पुरावाच मिळाला. रिक्षावाल्यांनी इंजिन खोलून घेतलं. काकूंना प्लास्टर काढायला, नंतर हाताच्या व्यायामाला आणि पुढे बाजारालाही तेच पैसे न घेता घेऊन जात. काकू रिक्षातून उतरताना मी दोनदा समोर आलो. दोन्ही वेळा मोबाइल काढून कानाला लावला.

गेल्या महिन्यात रिक्षावाल्यांनी मला गेटाबाहेर थांबवलं. “साहेब, तुमी चेकिंगवाले. जरा बगा ना. दोन वर्सं झाली, तेल पट्टीवरनं हालत नाय. मिस्त्री बोलतो, गळतच नव्हतं. मंग त्ये डाग आले कुठनं?”

मी सांगितलं. प्लेट, चढ, पॅकिंग, सगळं. त्यांनी मध्येच विचारलं, “कवा कळलं?”

“मिटिंगनंतर आठवड्याने.”

ते रिक्षाच्या हँडलवरचं फडकं काढून घडी घालत राहिले. मी माफी मागितली. तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. “मिटिंगीत बोललाव ना,” ते म्हणाले, “मंग मिटिंगीतच सांगा. हितं मला सांगून काय? मी तर गळवलंच नाय.”

मागच्या रविवारी मिटिंगमध्ये सांगितलं. पुठ्ठा नेला नव्हता, तरी हात तसाच पुढे गेला. काकूंनी उजव्या हाताची मूठ उघडली, मिटली, आणि रिक्षावाल्यांकडे वळून म्हणाल्या, “आणि मी मेली तुला दोन वर्षं राबवलं रे.” माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

परवा दुपारी रिक्षा आत आली, जुन्या जागी. रिक्षावाले उतरले आणि घरात जाण्याआधी त्यांनी वाकून इंजिनखालची फरशी बघून घेतली. काल पण बघितली.