दुधाबरोबरची गोळी

आईचं मनगट मोडलं ते ओट्यावरून घसरून नुसती हातावर पडल्यामुळे. बाबा रेल्वेत होते. बदली होऊन आम्ही जयपूरला आलो आणि त्यांच्या निवृत्तीनंतर इथेच राहिलो. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हाडांची तपासणी करवली. हाडं ठिसूळ झाली होती. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून देत त्यांनी बजावलं, "माताजी, सुबह खाली पेट, सिर्फ सादे पानी से. आधा घंटा न लेटना, न कुछ खाना."

"उपाशीपोटी? पोटात आग पडेल तिच्या!" घरी येताच मी निकाल दिला. औषधपाण्यात मी म्हणजे घरातली अर्धी डॉक्टर. शिवाय हाडांचं दुखणं म्हटल्यावर दूध हवंच की. दर सोमवारी मी तिच्यापुढे गोळी आणि पेलाभर दूध घेऊन उभी. तिला दुधाचा वास सहन होत नसे. "पाण्याबरोबर घेऊ का गं? डॉक्टर म्हणाले होते ना," ती विचारायची. मी डोळे वटारले की मुकाट्याने प्यायची. दोन वर्षांत एकही सोमवार चुकला नाही, याचा मला कोण तोरा!

मग एकदा चारदीवारीत, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या जयपुरात, बाजाराला गेलो असता ई-रिक्षातून उतरताना तिचा तोल गेला. वीतभर उंचीवरून ती खाली बसली आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून गोळ्यांबद्दल विचारलं. मी ऐटीत सांगितलं, न चुकता, दुधाबरोबर. दुधामुळे ही गोळी अंगी लागतच नाही, असं त्यांनी सांगितलं. नीट घेतली असती तरी कदाचित हाड मोडलंच असतं, असंही म्हणाले. त्या 'कदाचित'चा मला काडीचाही आधार वाटला नाही.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणपण माझं आणि भोग तिचे. बाजारभर फिरणारी आई आता वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते आणि तेवढ्यानेच दमते.

परवा ती मावशीला फोनवर सांगत होती, "पोरीनं जिवापाड केलं गं. माझीच हाडं करंटी." मी दाराबाहेर ढसाढसा रडले, पण आत गेले नाही.

तिला दुधाचं खरं काय ते आज सांगेन, उद्या सांगेन म्हणता तीन महिने झाले. ती रागावेल याची भीती नाही. ती मलाच जवळ घेऊन समजावत बसेल, ते मला सोसणार नाही.