हूद म्हणजे उदमांजर नव्हे

मी पदवीधर झालो तो ताईच्या सासूबाईंमुळे. त्यांना मी काकी म्हणतो. आमचं घर कुडाळच्या आतल्या बाजूला एका वाडीत. भातशेती आणि काजू. त्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं आणि बारावीनंतर मीही कामाला लागणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. काकी ताईला माहेरी पोचवायला आल्या होत्या. त्यांनी ओटीवर बसून हे बोलणं ऐकलं आणि परत जाताना मला बरोबर नेलं. "मालवणात कॉलेज आसा, माज्या घराक माळो आसा. आनी काय होया ह्येका?" एवढंच त्या म्हणाल्या.

मालवणात काकींची खानावळ आहे. मी ताटं विसळायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातून ताट काढून घेतलं. "हेका माणसा आसत. तू वाच." दारातल्या फळ्यावर त्या दिवसाचे मासे त्या स्वतः खडूने लिहायच्या. आसपासच्या हॉटेलांत पापलेट सांगून हलवा वाढतात, पर्यटकाला कळत नाही. काकींकडे फळ्यावर सरंगा, म्हणजे पापलेट, असेल तर ताटात सरंगाच. संपला की त्या हात पुसत बाहेर येऊन नाव खोडायच्या. मगच पुढचं गिऱ्हाईक आत. एकदा मुंबईचा एक पाहुणा म्हणाला, "अहो, काय फरक पडतो? मासा तो मासा." काकींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने ताटात थुंकलं होतं.

प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मला पहिली नोकरी लागली ती एका सल्लागार कंपनीत. देवबागच्या वर खाडी आत वळते तिथे पर्यटकांच्या बोटींसाठी जेटी व्हायची होती. त्याआधी त्या काठावर कोणते प्राणी किती आहेत, याचा अहवाल द्यायचा होता. माझ्याकडे पाणमांजरं आली. मी खूश होतो. लहानपणी ज्याला आम्ही हूद म्हणायचो, त्याच्या मागे फिरायला मला पगार मिळणार होता.

हूद सहसा दिसत नाही. त्याची विष्ठा दिसते. ओहोटीला खाडीकाठच्या खडकांवर, तिवरांच्या मुळांपाशी तो ठरलेल्या जागी ती टाकतो. ती गोळा करायची, धुवायची, आणि उरलेल्या खवल्यांवरून, कुर्ल्यांच्या कवचांवरून त्याचं खाणं ओळखायचं. ताजी जागा किती, जुनी किती, यावरून त्याचा वावर समजतो. सडलेल्या मासळीचा, जरासा गोडसर असा तो वास कपड्यांतून जात नाही. मी ती विष्ठा डब्यांत भरून काकींच्या फ्रीजमध्ये ठेवायचो आणि न्हाणीमागे बसून धुवायचो.

"माजी चायची गाळणी खंय गेली?" एका सकाळी काकींनी विचारलं. त्या न्हाणीमागे आल्या, गाळणी पाहिली, गाळणीत काय आहे ते पाहिलं, आणि पदर नाकाला लावला. "मेल्या! हुदाचो गू? माज्या गाळणीत? ह्याच्यासाटी तुका बीएस्सी केलंय?" दिवसभर त्यांनी चहा घेतला नाही. पण डबे फ्रीजमध्ये राहू दिले. फक्त वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात गेले, आणि सोलकढीचं भांडं शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये.

मला त्या घाणीची कधी किळस आली नाही. किळस आली ती अहवालाचा मसुदा हातात पडला तेव्हा.

त्यात लिहिलं होतं, प्रकल्पाच्या जागी पाणमांजराचा वावर आढळला नाही. उदमांजर मात्र ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार सर्वत्र आढळतं. मी पानं उलटत राहिलो. माझ्या नोंदी शेवटी 'अपुऱ्या' म्हणून बाजूला टाकल्या होत्या. झालं होतं असं की कंपनीचे दोन पोरगे पुण्याहून प्रश्नावली घेऊन आले होते. त्यांनी घराघरांत विचारलं, "इथे पाणमांजर आहे का?" आमच्या लोकांच्या तोंडी तो शब्दच नाही. ते म्हणाले, "नाय बा. हूद आसत." पोरांनी 'हूद' म्हणजे 'उद' धरलं, आणि उदच्या पुढे स्वतःहून मांजर जोडलं. उदमांजर. आता उदमांजर हे झाडावर राहणारं जनावर. माडावर चढतं, काजूची बोंडं खातं. त्याला आमच्याकडे कांडेचोर म्हणतात. जेटी झाली काय आणि न झाली काय, त्याला खाडीशी कर्तव्य नाही.

चूक कुणाचीही होते. मी सरांना फोन करून सगळं सांगितलं. सर म्हणजे कंपनीतले आमचे प्रमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे आता उघडू नको. जसं आहे तसं बरं आहे." तिथपासून ती चूक राहिली नाही.

मग जनसुनावणी झाली, शाळेच्या पटांगणात, मांडव घालून. मागे कापडी फलक, त्यावर हसणाऱ्या वाघाचं चित्र. या किनाऱ्यावर वाघ कुणी पाहिला होता देव जाणे. सर ओल्या रुमालाने सारखे हात पुसत होते. मी कंपनीच्या बाजूच्या खुर्च्यांत, गळ्यात ओळखपत्र घालून.

एक म्हातारे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, उठले. त्यांना हुदांची दया नव्हती, उलट राग होता. "जेटीचा मागसून सांगा. पयला माका सांगा, ह्या हुदांचा काय करतल्यात? माजी नवी जाळी, आवशीक खाव, फाडून टाकली. अर्धो मासो खातत नि अर्धो माका ठेवतत, जसो काय मी तेंचो जावय!"

मांडव हसला. सर माझ्याकडे वाकले. "काय म्हणतायत ते?"

"पाणमांजरं जाळी फाडतात म्हणतायत. सर, हेच मी..."

"तुला भाषांतराला नाही आणलेलं."

व्यासपीठावरच्या सरकारी साहेबांनी कारकुनाला इतिवृत्त वाचायला सांगितलं. कारकुनाने सरांपुढच्या मसुद्यात डोकावून शब्द घेतला होता. त्याने स्वच्छ आवाजात वाचलं, "ग्रामस्थांनी उदमांजराच्या उपद्रवाबाबत तक्रार केली."

"उदमांजर म्हणजे काय?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "कांडेचोर."

"कांडेचोर?" ते माझ्याकडे वळले. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी पाहिलं. "कांडेचोर माज्या जाळ्यात पोवूक येता? खंय शिकलंस रे तू, झिला?"

या वेळी मांडव माझ्यावर हसला. सरही हसले. त्यांना शब्द कळले नव्हते, तरी हसले. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून शिसारी येते.

मी उभा राहिलो. म्हटलं, "हूद म्हणजे पाणमांजर. असं लिहा." साहेब म्हणाले, हरकत असेल तर लेखी द्या, मुदतीत द्या, पुराव्यासह द्या. आणि पुढचा मुद्दा घेतला.

परतताना गाडीत सरांनी अहवालाचं शेवटचं पान माझ्या मांडीवर ठेवलं. जागेवर काम मी केलं होतं, म्हणून सही माझी लागणार होती. सर चिडले नव्हते. समजुतीच्या सुरात म्हणाले, "गावातून आलेल्या मुलांना आम्ही मुद्दाम घेतो. पुढे मोठी कामं आहेत. आणि एवढं काय आहे त्यात? मांजर ते मांजर."

मला एकदम मुंबईचा तो पाहुणा दिसला आणि काकींची नजर. गाडीत वातानुकूलन चालू होतं, कसल्याशा अत्तराचा वास होता. मी गाडी थांबवायला लावली आणि धामापूरच्या रस्त्याला उतरलो. कागद सीटवर राहिला, बिनसहीचा.

काकींना आता ऐकू कमी येतं, फोनवर तर काहीच नाही. म्हणून दोन दिवसांनी, नोकरी गेल्यावर, कुडाळच्या घरी बसून त्यांना पत्र लिहिलं. मालवणीतच लिहिलं. पुस्तकी मराठीत लिहिलं की त्या म्हणतात, "हापिसाचा कागद इलो."

"काकी,

माजी नोकरी गेली. चोरी करून नाय, भांडान पण नाय. खाडयेत हूद नाय असा लिवलेल्या कागदार माजी सय होयी होती, ती मी केलंय नाय. हुदाक हेनी कांडेचोर केल्यानी. तुमच्या फळ्यार सरंगो लिवन ताटात हलवो वाढूचो तसा.

तुमी माका शिकवल्यात आनी मी घराक बसलंय, ह्या तुमका बरा दिसाचा नाय. बाबा पण बोलणत नाय. दुसरा काम शोधतंय. मेळतला.

पण मुदत आसा तवसर माका हरकत लेखी देवची आसा. रापणकार काकांका भेटान इलंय. ते माका शिव्ये घालीत होते, पण सय देतंय म्हणाले. हूद मरांदेत, पण तेंका कांडेचोर म्हणूक मी देवचंय नाय, असा म्हणतत.

तुमच्या फ्रीजात खालच्या कप्प्यात माजे डबे आसत. वास येता, माका म्हायती आसा. पण ते फेकू नकात. तेच आता साहेबाच्या टेबलार ठेवचे आसत. आयतवारी नेवक येतंय.

गाळणी नवी आणतंय."