आमच्या दारासमोर थांबलेला ढोल

बाबा घरात शिरले की टीव्हीचा आवाज आपोआप कमी व्हायचा. कोणी सांगायला लागत नसे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत ते फोरमन होते आणि कारखान्यातला धाक ते डब्यासोबत घरी घेऊन यायचे. आईसुद्धा त्यांच्यासमोर कधी चढ्या आवाजात बोलली नाही. लोक म्हणायचे, काय वचक आहे माणसाचा, काय आत्मविश्वास आहे. मलाही तसंच वाटायचं. नेता असावा तर असा, असं मी कॉलेजात एका निबंधात लिहिलंही होतं.

मग माझ्या भावाचं लग्न ठरायची वेळ आली. त्याने पसंत केलेली मुलगी आणि तिचे आईवडील आमच्याकडे आले होते, पोह्यांच्या बशा हातात होत्या, आणि बाबांनी त्यांना सरळ उठायला सांगितलं. त्या घराबद्दल त्यांनी कुठून तरी काहीबाही ऐकलं होतं. ते सगळं खोटं होतं. महिन्याभरात बाबांना ते कळलं, ज्याने सांगितलं त्यानेच कान पकडून कबूल केलं. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि पेपर उघडला. भावाने त्याच मुलीशी लग्न केलं आणि कल्याणला बिऱ्हाड थाटलं. त्यानंतर तो दिवाळीला यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि चहा संपला की उठायचा. त्याला फार काही नको होतं. बाबांनी एकदा ‘माझं चुकलं’ म्हणावं, एवढंच. आई गेली तेव्हासुद्धा ते म्हणाले नाहीत. मला त्यांचा राग यायचा, आणि त्या रागाचीही भीती वाटायची.

ढोलपथकात मी गेले ती चाळिशी ओलांडल्यावर. माजिवड्याच्या ऑफिसातून सुटून डोंबिवलीला शाळेच्या मैदानावर पोचायचं, कमरेला ढोल बांधायचा आणि मनातलं सगळं त्याच्या पानावर, त्या ताणलेल्या चामड्यावर, काढायचं. आमची पथकप्रमुख माझ्याहून बरीच लहान, ठाण्याच्या एका कॉलेजात शिकवणारी. आवाज बेताचा. पहिल्याच आठवड्यात ती एक हात शिकवत होती. हात म्हणजे आमच्यात वाजवायचा ठेका. मधेच तिने टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, वर केलं आणि म्हणाली, “थांबा. मी चुकले. परत घेऊ.”

मागच्या रांगेतून एकजण बोललाच, “मॅडमच चुकतात, मग आमचं काय?”

“म्हणून तर सराव करतोय ना रे,” ती म्हणाली आणि परत सुरुवात केली.

मला वाटलं, ही टिकत नाही. चार दिवसांत पोरं डोक्यावर बसतील. तसं झालं नाही. आमच्यातला सगळ्यात तयार ताशावाला एका नवीन मुलीच्या हाताची नक्कल करून हसवत होता, तेव्हा हिने त्याच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं, “आज तू बस.” तो बसला. त्याच्यावाचून ताशाची रांग लंगडी पडणार होती, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. दुसऱ्या दिवशी तो आला आणि त्या मुलीला स्वतः हात शिकवत बसला. आमच्या घरी असं काही झालं असतं तर आठवडाभर कोणी कोणाशी बोललं नसतं.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तो थंडीत. उजवी बाजू गेली, आणि बोलणंही जवळजवळ गेलं. शब्द यायचे, पण एकेक, ओढून आणल्यासारखे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार आशा धरू नका. त्या पाडव्याला मी पथकात गेले नाही, बाबांजवळ थांबले. दर पाडव्याला नववर्षाची शोभायात्रा आमच्या बिल्डिंगखालूनच जाते. बाबांचा पलंग मी गॅलरीला लागूनच ठेवला होता. सकाळी गुढी उभारली तेव्हा त्यांनी डाव्या हाताने खिडकी उघडायची खूण केली.

लांबून ताशा तडतडला. मग ढोल. बाबांनी मान वळवली. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा जागा झाल्यासारखा वाटला. आवाज कोपऱ्यावरून वळला, वाण्याच्या दुकानापर्यंत आला, आणि आमच्या दारासमोर एकदम बंद पडला. नुसत्या पावलांचा आवाज येत राहिला.

मला लगेच कळलं. हॉस्पिटल लागलं किंवा ज्या घरात नुकतीच मयत झालीय ते घर लागलं की आमचं पथक वाजवणं थांबवतं आणि तेवढा रस्ता मुकाट चालतं. बाबा आजारी आहेत हे प्रमुखाला माहीत होतं. तिने मला न विचारता मान राखला होता.

“का... बंद?” बाबांनी विचारलं.

“तुम्हाला त्रास नको म्हणून, बाबा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मी... गेलो?”

मी गॅलरीत गेले. प्रमुख वर बघत होती. मी हाताने तिला वर बोलावलं. तिने पथकाला जागच्या जागी थांबायची खूण केली आणि दोन मिनिटांत ती आमच्या दारात होती. फेटा तसाच, टिपरू कमरेला खोचलेलं, चपला मात्र बाहेर काढून. मी तिला घाईघाईने सगळं सांगितलं. ती बाबांच्या पलंगाशी वाकली.

“काका, बंद करायचं मी ठरवलं. तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलं माझं.”

बाबा डावा हात उचलून म्हणाले, “खाली जा. लोक... थांबलेत.” तो त्यांचा जुना फोरमनचा आवाज होता, जेवढा उरला होता तेवढा.

“हो काका,” ती म्हणाली. जाता जाता गॅलरीतून तिने खाली सगळ्यांना सांगितलं, “माझी चूक झाली. काकांना ऐकायचंय. इथेच उभं राहून वाजवायचंय, पहिल्या हातापासून.” मागून चित्ररथ खोळंबले होते, कार्यकर्ते हात उडवत होते. पथकातलं कोणीही कुरकुरलं नाही. ती खाली पोचली, आणि जे वाजलं त्याने आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

शोभायात्रा पुढे गेली. मी त्यांना पाणी पाजलं, तोंड पुसलं.

“ती... मोठी? सगळ्यांची?”

“हो, प्रमुख आहे आमची.”

“सगळ्यांसमोर... म्हणाली.”

“ती नेहमीच म्हणते, बाबा.”

“मग... ऐकतात? तरी?”

“ऐकतात की. आत्ता बघितलंत ना.”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, झोप लागली. पण ते शब्द गोळा करत होते.

“मला वाटायचं... नाही ऐकणार... कोणी.”

इतकी वर्षं ज्याला आम्ही जरब म्हणत आलो, ज्यावर मी निबंध लिहिला, ती भीती होती. आम्ही सगळे त्यांना घाबरत होतो आणि ते आम्हाला. मला त्यांची इतकी दया कधीच आली नव्हती, आणि गेलेल्या वर्षांचं वाईटही तेवढंच वाटलं.

“कल्याणला... फोन लाव,” ते म्हणाले.

मी लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्यापुढे धरला. पलीकडून भाऊ हॅलो म्हणाला, काय झालं म्हणाला, मग माझं नाव घेऊन हाक मारली. मग त्याला बाबांचा श्वास ऐकू गेला असावा, कारण त्याने हाका मारणं थांबवलं. बाबांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. भावाने फोन ठेवला नाही. शेवटी शब्द आला तो अर्धाच होता, ‘चुक’पर्यंत येऊन अडकलेला. पलीकडून भाऊ म्हणाला, “बाबा, सावकाश. मी ऐकतोय.”