लाल झालेली हळद

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कोणी विषय काढला की मी लघवीला जायच्या निमित्ताने उठायचो. आता वयामुळे तशी खरोखरच वेळ येते, त्यामुळे तो बहाणाही वाया गेला. म्हणून लिहूनच टाकतो.

मी विज्ञानाचा मास्तर. निवृत्तीनंतर कामरगावात घराच्या ओसरीवर संध्याकाळी फुकट वर्ग घ्यायचो. विद्यार्थी सगळ्या वयाचे: दुसरीतला चिकू, दहावीतली रोहिणी आणि एस.टी.तून निवृत्त झालेले शेजारचे वानखडेभाऊ. वानखडेभाऊ कंडक्टर होते. जगातला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी विनातिकीट होता, फक्त अजून सापडलेला नव्हता.

मी सगळ्यांना एकच शिकवायचो. बघा, तर्क करा, करून पाहा, मगच बोला. आणि कोणी काही ठासून सांगितलं, तर विचारा, ‘तुला कसं माहीत?’ (चिकू हे आईला विचारायचा आणि मार खायचा.) रोहिणी मोठी, म्हणून तिला एक जास्तीचा नियम दिला होता. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर दोष कोणाचा ते कळत नाही. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. मी ठेवला नव्हता.

माझ्या मुलीचं, मीनाचं लग्न होतं. हळदीच्या आदल्या दिवशीही मी वर्ग भरवला.

“दारात मांडव उभा हाये आन् तुमची शाळा काही सुटत नाई,” मीनाची आई म्हणाली.

विज्ञानाला सुट्टी नसते, असं मी तिला सांगितलं. पुढच्या प्रयोगासाठी वानखडेभाऊंच्या तंबाखूच्या डबीतला ताजा चुना पाण्यात कालवला. वर्गाची बाटली चिकूने फोडली होती, म्हणून पितळी लोटा घेतला आणि तो निवळायला कोनाड्यात ठेवला. सकाळपर्यंत वर निवळी आली. दिसायला अगदी पाणी.

हळदीला माझी थोरली बहीण सुभद्राबाई, आम्हा सगळ्यांची ‘बाई’, कारंज्याजवळच्या तिच्या मळ्यातून आली होती. आमचे दाजी जाऊन बराच काळ झाला होता. रिवाजाप्रमाणे हळद कालवायची सवाष्णींनी. पण मी पडलो सुधारक! भर मांडवात जाहीर केलं, “हळद बाईच कालवेल.”

बाईने माझा सदरा ओढला. “राहू दे ना रे. कायले लोकाच्या तोंडी देतं मले?”

“तू मीनाची आत्या आहेस. तुझा मान आहे.”

“मान घरात दे ना बाप्पा. मांडवात कायले?”

पण मी अंधश्रद्धेवर बोलायला उभा राहिलो होतो आणि मला बसवणं कोणाला कधी जमलं नाही. बाईने पाणी मागितलं. भाषण न थांबवता मी मागे हात घातला, कोनाड्यातला लोटा उचलला आणि तिच्या हातात दिला.

तेवढ्यात रिसोडहून नवरदेवाची मावशी उष्टी हळद घेऊन आली. तिने डबा उघडून ती वाटीत सोडली. बाईने लोट्यातलं पाणी ओतलं आणि बोटं फिरवली. हळद केशरी झाली. मग विटकरी. मग चक्क लाल.

मांडवात वाजणारा बँडसुद्धा थांबला. (त्यांचा चहा आला होता, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही.)

“विधवेचा हात लागला,” मावशी म्हणाली.

“डबा तुमचा होता,” वानखडेभाऊ पुढे झाले. “रिसोडपासून कोणाच्या मांडीवर होता? मधात कुठी उतरल्या होत्या?”

“आमच्या डब्यावर संशय घेता?”

“मी सगळ्यांवर घेतो. तुमीच एकल्या नाई.”

त्यांनी पाच मिनिटांत मावशीची, आचाऱ्याची, बँडवाल्याची आणि माझ्या बायकोची चौकशी केली. मावशीचे लोक आमच्याकडे बघत होते, आमचे लोक त्यांच्याकडे बघत होते आणि चिकू मिठायांकडे. चुना ज्यांच्या डबीतला, ते वानखडेभाऊ सोडून सगळे संशयित होते.

मी लोट्यात डोकावलो. तळाला पांढरा थर होता.

हळद आणि चुना एकत्र आले की लाल रंग येतो, हे मी वर्गावर्गांत शिकवलेलं. एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात व्याह्यांच्या आवाजात घुमलं: ‘बापानंच पोरीच्या हळदीत चुना घातला, मास्तरानं आमाले चुना लावला.’ मी लोटा सदऱ्याआड धरला, मोरीवर गेलो आणि विसळला.

परतलो तर रोहिणी वाट बघत होती. “सर, सोपं हाये. पुन्हा करून पाहू. तीच हळद, तेच पाणी, आन् कालवतीन आत्याच. पिवळी राह्यली तं हातात काही दोष नाई. कोनाड्यातला लोटा कुठी गेला?”

एवढी हुशार मुलगी मी घडवली, याचा मला त्या क्षणी भयंकर पश्चात्ताप झाला.

“मुहूर्त टळेल,” मी म्हणालो.

“सर, तुमीच तं म्हणता…”

“रोहिणी, ही काय प्रयोगाची वेळ आहे?”

मावशीच्या डब्यात उरलेली हळद घेतली. ती पाच सवाष्णींनी कालवली, नळाच्या पाण्याने. ती छान पिवळी राहिली. मावशीने सगळ्या मांडवाकडे वळून पाहिलं. हात बदलला होता आणि लोटाही बदलला होता. एका वेळी दोन गोष्टी! पण लोट्याचं फक्त मला माहीत होतं.

बाई लाल बोटं पदरात धरून चुलाणापाशी जाऊन बसली आणि वांगी चिरायला घेतली. तेव्हापासून ती कोणाच्याही हळदीला मांडवात येत नाही. आहेर पाठवते. बोलावलं तर म्हणते, “कायले बाप्पा, पोरीची हळद खराब कराले?”

गेल्या वर्षी ठरवलं, आता बस. पण मी मास्तर. मला सरळ माफी मागता येत नाही, आधी प्रात्यक्षिक करावं लागतं. हळद घेतली, लोटा घेतला आणि वानखडेभाऊंची चुन्याची डबी घेतली. (त्यांनी तंबाखू सोडल्यापासून ती पडून होती.) मळ्यात बाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिच्यासमोरच लोट्यातल्या पाण्यात चुना कालवला.

“बाई, हे तुझ्या हाताने कालव. त्या दिवशी काय झालं ते दाखवतो.”

तिने माझ्याकडे बराच वेळ संशयाने पाहिलं. मग ओतलं, बोटं फिरवली.

हळद पिवळीच राहिली. पार पिवळीधमक.

जुना चुना हवेने मरतो, त्याचा खडू होतो. हेही मी वर्गावर्गांत शिकवलेलं.

बाईने बोटं उजेडात धरली. “पाय, आता माह्या हातातला तेवढा जोरही गेला,” ती म्हणाली आणि हसली. मी हसलो नाही.

“अगं, तुझा हात नव्हता. त्या पाण्यात चुना होता.”

“मंग याच्यात काय हाये?”

“चुनाच. पण हा मेलेला आहे.”

“आन् तो जिता होता?”

“हो. ताजा.”

बाईने जुडी खाली ठेवली. “तुले कसं माहीत?”

जन्मभर हा प्रश्न मी पोरांना विचारायला लावला. तो माझ्यासमोर कोणी इतक्या नीट विचारला नव्हता. उत्तरही पाठ होतं. कालवला मी, लोटा दिला मी, विसळलाही मीच.

“माझी बस चुकेल,” मी म्हणालो.

तिने पिशवीत मेथी घातली, वर वांगी घातली. मी घाईघाईने फाट्यावर आलो. बस तासभर उशिरा आली. फाट्यावरून बाईचा मळा स्पष्ट दिसतो.