साडूंची फ्रेस्को आणि माझी सही

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत मिळून ‘फ्रेस्को’ हा शब्द रोज सकाळी उच्चारणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, अंगण सारवायला बसली की हे गृहस्थ दारात उभे राहून, दातात कडुनिंबाची काडी धरून, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, “फ्रेस्को चालू आहे, कडंनं जावा.” अक्काचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात. ती मान वर न करता म्हणणार, “तुमच्या तोंडाला बी एक हात मारू का?” आणि साडू अतिशय समाधानानं माझ्याकडे वळून म्हणणार, “बघा मास्तर, सेकंड कोट.”

मी बसवकल्याणच्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर आहे. साडू राहतात मन्नाएखेळ्ळीत, हायवेच्या कडेला. मी त्यांना अण्णा म्हणतो. उभं आयुष्य त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार लिप्या त्यांचा ब्रश सारख्याच डौलात काढी, आणि चारही भाषांत त्यांना वाचता येई ते मुख्यतः हॉटेल, टायर आणि खत. मग फ्लेक्स आलं आणि पाट्या गेल्या. हात रिकामे झाले तेव्हा तोंडाला काम लागलं. त्याला कारण एक पुस्तक. गावातल्या किराणा दुकानदारानं पुड्या बांधायला घेतलेल्या रद्दीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, कलाकुसरीवरचं. त्याच्या पहिल्या निम्म्या भागात गावानं आधीच जिरे-मोहरी बांधून नेली होती. उरलेला भाग साडूंनी सोडवून आणला. त्यात चित्र एकही नव्हतं. शेवटी शब्दांची यादी तेवढी होती, उभी, बारीक टायपात. अर्थ पहिल्या पानांत असणार, आणि ती पानं कुणाच्या तरी फोडणीच्या डब्यापाशी पोचली होती.

दुसऱ्या कुणी यादी बाजूला ठेवली असती. साडूंना शब्द रिकामा बसलेला बघवत नसे. त्यांनी प्रत्येकाला काम नेमून दिलं. बैलाच्या मोरकीची गाठ म्हणजे मॅक्रमे, आणि मॅक्रमे म्हणजे दोरीच्या गाठींचंच काम असल्यानं हे चुकून बरोबरही निघालं. बसस्टँडच्या कोपऱ्यात गुटखा खाऊन लोकांनी रंगवलेली भिंत म्हणजे स्प्लॅटर, “पण कलरस्कीम फार गरीब.” येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात बसून खायची भज्जी, ज्यात पावट्यापासून पालकापर्यंत सगळं एकत्र शिजतं, ती कोलाज. आमचे एक चुलतसासरे वारले तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्यांना विभूती लावून, हार घालून, बसतं केलं होतं. सगळं घर रडत होतं. साडू माझ्या कानाशी आले आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, “मास्तर, इन्स्टॉलेशन.” मी उपरणं तोंडात कोंबून बाहेर पळालो. लोकांना वाटलं, जावयाला किती दुःख झालंय.

हे सगळं मी मजेनं सांगतो आहे, पण तेव्हा मला त्यातली निम्मीच मजा येत होती. दोन जावई एका मांडवात आले की लोक त्यांना तोलून बघतात. इंग्रजी हा माझा प्रांत. बीए मी, बीएड मी. आणि भर पंगतीत, शंभर पत्रावळींच्या मधे, हा पाट्या रंगवणारा माणूस मला विचारणार, “मास्तर, स्टिपलिंग म्हंजे काय सांगा की जरा ह्यांना.” मला येत नसे. मी मठ्ठा ओतून घेत म्हणायचो, “संदर्भानुसार अर्थ बदलतो, अण्णा.” आमचे सासरे, खजुरीचे, अतिशय भाबडे. ते मान हलवून म्हणायचे, “थोरल्याचं इंग्रजी खोल आहे. धाकट्याचं शाळेपुरतं.” हे वाक्य माझ्या पोटात वीस वर्षं राहिलं. ते तिथं आहे हे मी यंदापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

आता अक्काची वाकळ. अक्का जुन्या लुगड्यांची वाकळ शिवते, तशी आमच्याकडे पुष्कळजणी शिवतात. पण हिचा धावदोरा बघत राहावा असा. ओळीमागून ओळ, शेतात पेरणी केल्यासारखी. तीन वर्षांखाली एक वाकळ कंपाउंडच्या भिंतीवर उन्हाला टाकली होती. हायवेवरून जाणारी एक गाडी थांबली, त्यातून बंगळूरच्या एक बाई उतरल्या, पंधरा मिनिटं त्या वाकळेपुढे उभ्या राहिल्या आणि जाताना हस्तकलेच्या प्रदर्शनाचा फॉर्म देऊन गेल्या. वाकळ निवडली तर शिवणारीनं सोबत यायचं, चार दिवस तिथं बसून शिवून दाखवायचं. अक्का सोलापूरच्या पलीकडं कधी गेली नव्हती. तिनं त्या दिवसापासून कुणाला काही बोलून दाखवलं नाही, फक्त पेटीतलं इरकल काढून त्याची घडी मोडून परत घातली. माझ्या बायकोला एकदा म्हणाली, “बंगळूरला थंडी असती का गं?”

फॉर्म इंग्रजीत होता. त्यात एक ओळ होती, टेक्निक. साडूंचं सगळं आयुष्य जणू त्या एका ओळीसाठी चाललं होतं. त्यांना ती परीक्षेतल्या प्रश्नासारखी वाटली, जितकं लिहाल तितके मार्क. बारीक ब्रशनं, पाटीच्या अक्षरांत, त्यांनी एका ओळीत वीस शब्द बसवले आणि फॉर्म घेऊन माझ्या शाळेत आले. मधली सुट्टी होती. आमच्या घराण्यात इंग्रजी कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय कुठं जात नाही. लाइटबिल असो की कोर्टाची नोटीस, खाली कोपऱ्यात मी ‘तपासले’ लिहून सही करतो. कुणी मागत नाही, पण रीत पडली आहे.

“एकदा नजर टाका, मास्तर. तुमची सही झाली की वाकळेसंगं कुरिअरला देतो. गाडी पाचला निघायलीय.”

मी नजर टाकली. पहिला शब्द पॅचवर्क, तो मला येत होता. पुढं काही येत होते, बरेच येत नव्हते. स्टाफरूममध्ये चार मास्तर बसलेले. विचारावं तर मला येत नाही हे उघड होणार.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. सही केली.

ते गेले. पुढचा तास मला मोकळा होता. मी कपाटातली डिक्शनरी काढली. एचिंग म्हणजे धातूवर ॲसिडनं कोरणं. मोझॅक म्हणजे दगडाचे, काचेचे तुकडे बसवणं. बाटिक म्हणजे मेण लावून कापड रंगवणं. फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावरचं चित्र. अक्काच्या वाकळेला मी कागदोपत्री ॲसिड, दगड, मेण आणि गिलावा लावून सही केली होती. घड्याळात साडेतीन झाले होते. कुरिअरचं दुकान शाळेपासून पाच मिनिटांवर. जायचं, ‘अण्णा, थांबा, मी न समजताच सही केली’ एवढं म्हणायचं, की काम झालं. मी उठलोसुद्धा. मग शिपायानं चहा आणला आणि मी बसलो. तो चहा मी पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत प्यायलो.

वाकळ महिन्याभरात परत आली, ज्या फडक्यात गेली होती त्याच फडक्यात. सोबत चिठ्ठी. ती वाचायला अर्थातच मला बोलावलं. अर्जात लिहिलेलं काम वस्तूत दिसत नाही, वस्तू अर्जदारानंच हातानं केली आहे याची खात्री पटत नाही, अशा अर्थाच्या दोन ओळी. मी त्या मराठीत सांगितल्या.

अक्का म्हणाली, “म्हंजे मी शिवली न्हाई म्हनायलेत व्हय?”

“तुझं काय न्हाई गं,” साडू म्हणाले. “माझेच शब्द जास्त झाले.”

मला त्या घरात पोहे मिळाले, मी ते खाल्ले.

त्यानंतर साडू बोलायचे थांबले. म्हणजे बोलत होते, पण सारवणाला सारवण म्हणू लागले. मोरकीला मोरकी. मी गेलो की हवापाणी, पोरांची लग्नं, तुरीचा भाव. ज्या माणसाच्या बडबडीला कंटाळून मी कधी मागच्या दारानं निसटायचो, त्याच्यासमोर आता बसवत नसे. एकदा बसस्टँडवर आम्ही दोघं त्या रंगलेल्या भिंतीपाशी उभे होतो. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, “लोक फार घाण करायलेत.” एवढंच.

तीन वर्षं मी हे सोसलं, म्हणजे त्यांना सोसायला लावलं. यंदाच्या येळवशीला त्यांच्या शेतात जेवायला बसलो होतो. अक्का भज्जी वाढत होती, साडू आंबिलाचं मडकं कलतं करत होते, आणि मी पहिला घास न घेताच सगळं सांगून टाकलं. सही, डिक्शनरी, साडेतीन, चहा. सासऱ्यांचं वाक्यसुद्धा.

अक्काचा हात थांबला. “तवाच सांगायचं की, मास्तर. कामून न्हाई सांगितलं? मी काय मारनार होते का?”

साडूंनी मडकं खाली ठेवलं. मला वाटलं, उठून जातील. ते म्हणाले, “म्हंजे एचिंग चूक.”

“चूक, अण्णा.”

“मोझॅक?”

“चूक.”

“अप्लिके?”

“ते बरोबर. कापडावर कापड शिवणं.”

असे वीसच्या वीस शब्द त्यांनी विचारले. तीन वर्षांनी सगळे पाठ होते, त्याच क्रमानं. मी एकेकाचा निकाल देत होतो, ते बोटांची पेरं मोजत होते. शेवटी म्हणाले, “सात बरोबर. वीसात सात म्हंजे पस्तीस टक्के. तुमच्या शाळेत पास करत्यात का न्हाई?”

“करतात.”

“मग मी पास. तुमचं तुमी बघा.”

अक्कानं माझ्या ताटात भज्जीचा दुसरा डाव वाढला, जरा जोरातच. “माझं बंगळूर गेलं ते गेलं,” ती म्हणाली. “पन ह्या मान्साचं तोंड तुमी बंद केलावं, ते उघडून द्या. घरात करमंना.”

ते मला पुरतं जमलेलं नाही. फॉर्म पुन्हा आणू, मी नीट भरतो, असं मी म्हटलं तर अक्का म्हणाली, आता डोळ्याला सुईचं नाकं दिसत नाही. आणि साडू आता बोलतात, पण विचारून. पूर्वी घटकेत दहा शब्द यायचे, त्यातले नऊ चुकीचे. आता आठवड्यातून एखादा येतो, फोनवर, बिचकत, आणि मी तपासल्याशिवाय तो पुढं जात नाही. शुद्ध असतो. मला ते नऊ हवे आहेत, पण ते मागायला तोंड कुठलं आणणार?

परवा असाच फोन आला. अक्कानं माळवदावर पापड वाळत घातले होते आणि ओल्या पापडांवरून कावळे चालून गेले.

“सगळ्यावर पाय उमटलेत, मास्तर. झकास दिसायलेत. ह्याला लिथोग्राफी म्हनावं का?”

मी डिक्शनरी उघडली. दगडावरून घेतलेला छाप. पूर्वी मी ‘संदर्भानुसार’ म्हटलं असतं.

“चूक आहे, अण्णा. पण तुम्ही म्हणा की. कोण विचारतंय.”

“चूक असलं तर नको,” ते म्हणाले. “दुसरा हुडका एखादा. हुडका सावकाश, मी थांबतो.”

मी फोन कानाला धरून पानं उलटू लागलो. तिकडं माळवदावर अक्का कावळे हाकलत होती.