खिशातली दोरी

शिलाई मशीन पुसायला रॉकेलची चिंधी घेतली की मला एक हिरवट ओव्हरॉल आठवतो, कारण इस्त्री फिरवताच त्यातूनही असाच वास आला होता. त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई चालू होती. मुलुंडला माझ्या शिवणाच्या दुकानाच्या वर राहणाऱ्या काकूंची मुलगी तिकडे हेलिकॉप्टर उडवायची. दोन दिवसांच्या सुट्टीत गुडघ्यावर उसवलेला तो ओव्हरॉल देऊन गेली. मी शिवला आणि सवयीने लोंबते दोरे कापून टाकले. घ्यायला आली तेव्हा तिने आधी मांडीवरचा खिसा चाचपला. "इथली दोरी कुठंय गं?" "फालतू लोंबत होती, कापली ना!" ती चिडली नाही. "तिला पेन्सिल बांधते मी. डोंगरात हेलिकॉप्टर हादरतं. पेन्सिल पडून पायाखालच्या पेडलमध्ये अडकली तर? मागे जखमी जवान असतात, वाकून शोधू कशी?" माझ्याच वयाची होती ती. मी परकराची नाडी घेऊन तिहेरी टाके मारले. तिने दोनदा जोरात ओढून पाहिली, "झकास" म्हणाली आणि पहाटे निघून गेली. गणपतीत ती तोच ओव्हरॉल पुन्हा दुकानात घेऊन आली, बाही फाटलेला. नाडी काळीकुट्ट झाली होती, टाका मात्र एकही सुटला नव्हता. आजही लोंबता दोरा दिसला की कात्री उचलण्याआधी मी विचारते, हा कशाला ठेवलाय?