दोन गल्ल्यांचं आरमार आणि बुडातली वाळू

"थांबवा. खाली काय भरलंय?"

वाळू पकडणाऱ्या पथकाच्या साहेबांनी हात आडवा केला, तेव्हा आमचं जहाज गेवराईच्या मेन रोडवर मिरवणुकीच्या मधोमध होतं. वर भगवा, दोन्ही बाजूंना तोफा, तिसऱ्या मजल्यावर फेटे बांधलेली नऊ पोरं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "साहेब, महाराजांचं आरमार हाय."

"आरमार दिसतंय मला. आरमाराच्या खाली काय आहे?"

खाली वाळू होती. मीच भरली होती. कावून, म्हणजे का भरली, ते सांगतो.

मी हमीद मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत. चाळीस वर्षं झाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. खाली चाकं, चाकांवर लोखंडी सांगाडा, त्याला चेसी म्हणतात, आणि चेसीवर पत्र्याचा डबा. एवढंच काम. पण ऊस भरला, वळण आलं, की मिस्त्री कळतो. माझी एकही ट्रॉली आजवर उलटलेली नाही. तालुक्यात ज्या उलटल्या त्या मी स्वतः जाऊन बघून आलोय. एकही माझी नव्हती.

समुद्र मी पाहिलेला नाही. त्याची गरजही पडली नाही.

शिवजयंतीला महिना होता. वरच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष दिगंबर बप्पा दुकानात आले. "मिस्त्री, यंदा आरमार काढायचं. ट्रॉलीवर जहाज बसवा." सोबत जोशी सर होते. हायस्कूलात इतिहास शिकवून रिटायर झालेत. त्यांनी खडूनं माझ्या पत्र्यावर गुराब काढून दाखवली. गुराब म्हणजे महाराजांचं लढाऊ जहाज. टोकदार नाक, दोन डोलकाठ्या, म्हणजे शिडाचे खांब. सर म्हणाले, "आपली जहाजं लहान आणि उथळ होती. खाडीत शिरायची. फिरंग्यांची मोठी जहाजं मागं यायला गेली की रुतायची."

मला पटलं. मी चौदा फुटांची गुराब धरली. पीव्हीसी पाइपच्या सहा तोफा.

तिसऱ्या दिवशी खालच्या गल्लीचे प्रकाश नाना हजर. "आमाला पण जहाज पायजे. बप्पाचं किती फुटाचं हाय?"

"एका गिऱ्हाइकाचं माप मी दुसऱ्याला सांगत न्हाई."

"नका सांगू. त्याच्यापेक्षा दोन फूट जास्ती करा."

आता याला काय म्हणायचं? मी सोळा फुटांची केली. दोन्ही जहाजं माझ्याच वाड्यात, मधे ताडपत्री बांधली. तरी बप्पा यायचे ते आधी ताडपत्रीचं भोक शोधायचे. नानांच्या तोफा आठ आहेत हे त्यांना कळलं. मग बप्पांच्या बारा झाल्या. नानांनी डोलकाठी वाढवली. बप्पांनी दुसरा मजला चढवला. नानांनीही चढवला. लांबी मात्र मी सोळाच्या पुढं जाऊ दिली नाही. ट्रॉली रबराची नसते.

जोशी सर रोज चहाला यायचे आणि खुश होऊन बघायचे. "हमीद, इंग्रज आणि जर्मन असंच करत होते. यानं एक बांधलं की त्यानं दोन. शेवटी दोघांनाही झोप नाही."

"सर, जिंकलं कोण?"

"ते लांबचं आहे. जहाज बांधणारे मात्र मजेत होते."

मग एका दुपारी बप्पा आले. "मिस्त्री, तिसरा मजला टाका. पोरं वर उभी करायची. नानानं मान वर करून बघितलं पायजे."

"न्हाई."

"कावून न्हाई?"

"खाली चाकाचं अंतर साडेपाच फूट. वर तीन मजले. वळणावर आडवं होईल."

"मिस्त्री, हे जहाज हाय. ट्रॉली न्हाई."

सर मधे पडले. म्हणाले, स्वीडन म्हणून एक देश आहे. तिथल्या राजानं जहाजावर तोफांची आणखी एक रांग चढवली. पहिल्याच दिवशी बंदरातून निघालं, वाऱ्याची झुळूक आली आणि आडवं झालं. सगळ्या गावादेखत.

बप्पा म्हणाले, "त्यांचे मिस्त्री कच्चे असतील."

आणि तसेच उठून गेले. जयंतीच्या सकाळी जहाज न्यायला आले, तर सोबत दुसऱ्या दुकानातला वेल्डर आणि तयार तिसरा मजला. माझ्या दारात, माझ्या चेसीवर टाके मारून बसवला. मी शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या आणि वर पोरं चढवली.

मी वर पोरांकडं बघितलं. जहाजावर माझं नाव होतं, ते पुसता आलं असतं. पोरं पडली तर काय पुसणार? सरांना विचारलं, "ते मोठे लोक जहाज सरळ कसं ठेवायचे?"

"बुडात दगड, वाळू भरायचे. खालून जड."

वाळू माझ्याकडं होती. घराची भिंत बांधली तेव्हाची उरलेली, कोपऱ्यात पडून. पोरं खाली घेतली, गुडघाभर वाळू ट्रॉलीत टाकली, वरून फळ्या ठोकल्या. जहाजाला धक्का देऊन बघितला. हललं नाही. मग पोरं चढू दिली.

तेवढ्यात नाना आले. "त्यांच्यात वाळू टाकली म्हणं. आमच्यात कावून न्हाई?"

"तुमाला तिसरा मजला न्हाई. गरज न्हाई."

"गरजेचा सवालच न्हाई. टाका."

टाकली. आता गेवराईत ट्रॉलीत वाळू म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. गोदावरी शेजारी. सरकारला रॉयल्टी भरल्याची पावती नसेल तर ट्रॉली जप्त. पण जहाजाला पावती लागते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तर मेन रोडवर साहेब उभे. बप्पा ओरडले, "नानानं चुगली केली! त्याचं पण बघा, त्याच्यात पण वाळू हाय!"

साहेब शांतपणे म्हणाले, "माहीत आहे. दोन फोन आले होते. एक त्यांचा तुमच्याबद्दल. एक तुमचा त्यांच्याबद्दल."

ढोल बंद पडले. बप्पा आणि नाना दोघंही एकाच वेळी दुसरीकडं बघायला लागले. मी पोरं उतरवून घेतली. दोन्ही आरमारं एकामागं एक तहसीलच्या आवारात गेली. मिरवणुकीतले निम्मे लोक मागं आले, कारण जहाजं तिकडं चालली होती.

तिथं साहेबांनी वाळू उतरवायला सांगितली. मी आडवा आलो. "साहेब, आधी बप्पांचा तिसरा मजला काढा. मग वाळू."

"मजल्याला हात लावायचा न्हाई!" बप्पा.

"मिस्त्री, जप्तीची वाळू मोजावीच लागते," साहेब म्हणाले. "बाजूला व्हा."

"होतो. पण सगळ्यांनी व्हा. आणि वर कुणी चढू नका."

माणसं लांब केली. मागची फळी काढून मजुरांनी लांब दांड्याच्या फावड्यांनी वाळू ओढायला घेतली. निम्मी निघाली आणि जहाज एकदा कण्हलं. मजूर पळाले. जहाज सावकाश, म्हाताऱ्या म्हशीसारखं, तहसीलच्या भिंतीवर कलंडलं. बारा तोफा आवारात गडगडत गेल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

नाना टाळ्या वाजवत म्हणाले, "मिस्त्री, तुमची ट्रॉली उलटली की!"

चाळीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेलो. पंचनामा चालला होता. "साहेब, वाळू माझी. लिहा. पावती न्हाई, तेही लिहा. पण खाली आणखी एक ओळ लिहा, त्याशिवाय मी सही करत न्हाई."

"कसली ओळ?"

सांगितली. साहेबांनी भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि लिहिली: 'वाळू असेपर्यंत सदर जहाज सरळ उभे होते.' मी सही केली. सरांनी साक्षीदार म्हणून केली.

त्या कागदाची झेरॉक्स फ्रेम करून दुकानात लावली आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी ती वाचायला लावतो, मग माप घेतो. उंची गिऱ्हाइकानं सांगावी. बूड मी ठरवतो.